खाली घेतलेली खिडकी

“खिडकी इतकी खाली कुणी घेतं का गं, पोरी?” आर्किटेक्ट सरांनी पंधरा वर्षांपूर्वी माझा पहिलावहिला घराचा नकाशा असा बाजूला सारला होता. आज ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवरचे जुने बॅकअप पुसायला बसले, तर बाकी सगळं निमूट गेलं आणि नेमका तोच नकाशा हटेना. ‘फाईल दुसऱ्या संगणकावर उघडी आहे,’ हेच उत्तर पुन्हा पुन्हा.

केबिनमध्ये जाऊन पाहिलं, तर उघडी होती ती सरांकडे. पडद्यावरच्या नकाशातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर त्यांची नजर खिळली होती.

“सर, बंद करता का? पुसायचीय.”

“खाली बसून भाजी निवडणारीला आभाळ दिसावं, म्हणून ना?”

“हो.”

“माझ्या आईला जन्मभर भिंतच दिसली. तुझं बरोबर होतं, पोरी. मला तेव्हाच कळलं होतं.”