जावळ

रझाकारीच्या आदल्या साली, कळमनुरीजवळच्या शेतात विहीर खोदताना वीस हात खाली एक कवटी निघाली. भुवयांचं हाड जाडजूड, मागच्या बाजूला मुठीएवढा फुगवटा. म्हातारे म्हणाले, आपल्या आधी इथं दुसरीच माणसं राहत होती.

आठ दिवसांनी सखुबाईच्या लेकराचं जावळ काढलं. वस्तरा डोक्याच्या मागं आला अन् न्हावी थबकला. तिथं तसाच फुगवटा होता.

"कोन्या राक्षसाचं पोरगं आणलंस आमच्या घरात?" सासू चंद्रभागाबाई भावकीसमोर कडाडली. "हे आमचं रगत न्हाई!"

नवरा उकंडराव आईच्या मागं जाऊन उभा राहिला.

सखुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं हिचे टोमणे ऐकले, पण हे?

"माझ्या लेकराला राक्षस म्हणता? मंग तुमी काहून आजवर कुणाला तुमच्या केसाला तेल लावू दिलं न्हाई?"

असं म्हणत तिनं सासूचा अंबाडा धरून खस्सकन ओढला. गाठ सुटली. पांढरे केस पाठभर पसरले.

पण अंबाड्याचा फुगवटा होता तिथंच राहिला.