कासाबाईची स्मृतिचाचणी

"आजी, आज वार कोणता?"

कासाबाईने समोरच्या पोरीकडे निरखून बघितलं. "मेंढरांना कुठला आलाय वार, बाई? रोजच चारावं लागतंय."

अर्पिताने पूर्ण गुण दिले. ताडकळसच्या शिबिरात म्हाताऱ्या माणसांची स्मृतिचाचणी घ्यायला ती पुण्याहून आली होती. शहरात बेतलेल्या चाचण्या खेड्यातल्या शहाण्या माणसांना वेडं ठरवतात, हा तिच्या प्रबंधाचाच विषय होता. आपल्या हातून ते पाप घडू द्यायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

शेजारच्या बाकावर कासाबाईचा नवरा बिरदेव पटका मांडीवर घेऊन बसला होता. बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. सासूला भ्रम झालाय, असं सून चंदा गावभर सांगत होती. आज म्याडमनेही तेच सांगितलं, तर पोरगा मेंढरं विकून मोकळा होणार होता.

"मेंढरं गेली तर ही हाय खाऊन मरंल, म्याडम," बिरदेव म्हणाला.

"काळजी करू नका, बाबा."

लक्षात ठेवायचे शब्द होते सफरचंद, टेबल, नाणं. अर्पिताने ते बाजूला सारून घोंगडी, काठी, कोकरू असे आजीच्या रोजच्या वापरातले शब्द सांगितले. थोड्या वेळाने विचारलं, "मघाशी मी काय काय सांगितलं?"

"तुमचं तुमाला ठावं. दुसऱ्याचं बोलणं मी कशाला सांगत फिरू?"

चहाडी न करण्याचा केवढा हा संस्कार! अर्पिताला भरून आलं. पुन्हा पूर्ण गुण.

घड्याळाचं चित्र काढायला कागद दिला, तर कासाबाईने त्याची नीट घडी घालून कमरेला खोचली. काटकसर म्हणून अर्पिताने त्याचेही गुण देऊन टाकले.

"आता शेवटचं. मालकांचं नाव काय?"

कासाबाईने पदर तोंडावर ओढला आणि मान खाली घातली. "आगं बया! नाव कसं घ्यावं?"

"लगीन झाल्यापासून कधी घेतलं न्हाई," बिरदेव लाजत म्हणाला. अर्पिताही हसली. पुण्यातल्या तिच्या सरांनी इथे सरळ शून्य टाकलं असतं.

"आजी ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "दोष असतो तो चाचणीत."

बिरदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. "लय उपकार झाले, म्याडम," म्हणत त्याने पटका डोक्याला गुंडाळला आणि बाहेर थांबलेल्या पोराला सांगायला तो तरातरा निघाला.

कासाबाई मात्र उठेना. तो दाराबाहेर गेल्याची तिने खात्री करून घेतली, अर्पिताला हाताला धरून जवळ ओढलं आणि ती हळूच म्हणाली,

"बाई, तेवढं त्या म्हाताऱ्याला दटावा. सकाळधरनं माझ्या मागं मागं फिरायलाय. आमच्या मालकांना कळलं तर तंगडं मोडतील त्याचं."