गणपतीमागचा बल्ब

"वहिनी, विकून टाका ही गाडी. दादा गेल्यापासून नुसती उभी आहे, दर आठवड्याला बॅटरी उतरते. तुम्हाला झेपायचं नाही हे."

दीर म्हणाला. चार्ज करून आणलेल्या बॅटरीला मीटर लावून ती एकेक फ्यूज काढत होती. सगळे काढले तरी काटा शून्यावर येईना; वीज कुठेतरी जातच होती. मग तिला बॅटरीपासून निघालेली एक जादा वायर दिसली. ती थेट डॅशबोर्डवरच्या गणपतीमागे, लाल बल्बाला गेली होती. तो अखंड तेवत राहावा म्हणून दिरानेच ती जोडली होती.

तिने वायर कापली.

"अहो, देवाचा दिवा विझवलात?"

"नाही भाऊजी." तिने बल्बाकडचं टोक चावीच्या वायरीला जोडलं आणि ती स्टिअरिंगमागे बसली. "आता चावी फिरवली की लागेल. आणि ती मी रोज फिरवणार आहे."