लेकाची निलगिरी

"माह्या पोराचे झाडं यातले कोणते जी?" कारखान्याच्या आवारातल्या लाकडांच्या ढिगांकडे बघत शेवंताबाईंनी विचारलं.

लाकडाचा लगदा करणाऱ्या त्या कारखान्यातले कर्मचारी देवतळे गडबडले. शेवंताबाईंच्या एकुलत्या लेकानं बांधावर निलगिरी लावली आणि दोनच वर्षांनी तो तापानं गेला. गेल्या महिन्यात नवऱ्यानं ती झाडं तोडून इथे पाठवली. शंभर गावांच्या लाकडाबरोबर तीही बारीक तुकडे होऊन रसायनात शिजली होती. हे त्या माउलीला सांगायचं कसं?

देवतळ्यांनी वाळवलेल्या लगद्याचा एक जाड, पांढराशुभ्र ताव आणून शेवंताबाईंच्या हातात ठेवला. "हा तुमच्या झाडांचा, मावशी. याचा धागा काढतील, मग कापड विणतील."

शेवंताबाईंनी ताव नाकाशी नेला. "याले निलगिरीचा वास नाही जी."

"शिजवून धुतलं की लाकडाचं सारं निघून जाते. वास, रंग, काहीच राहत नाही."

"मंग हे माह्याच पोराचं, हे तुम्हाले कसं कळलं?"

देवतळ्यांनी मान खाली घातली. आता त्या ताव परत देतील, असं त्यांना वाटलं. पण तो पदराखाली घेत शेवंताबाई म्हणाल्या, "राहू द्या. कोणाच्या तरी पोरानंच लावलं असन."