तारेची ढील

"तुटणारच की हे," भिंग डोळ्याला लावूनच वैजनाथअप्पा म्हणाले. "इतकं ताणल्यावर दुसरं काय हुनार? जरा ढील ठिवावी लागती."

त्यांची लेक शिल्पा कसनुसं हसली. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत ती तीन महिने या तारांशी झटत होती. चिपला वीज पुरवणाऱ्या, केसाहून बारीक तारा. आत तांबं, त्यावर वीज अडवणारा लेप, वरून पुन्हा धातूचं वेष्टण. टीव्हीच्या केबलचं पिल्लूच म्हणा. चिप तापली की तारा सांध्यापाशी तुटायच्या. अप्पांनी इथं लातुरात, निलंगा रोडवरच्या दुकानात चाळीस वर्षं जळक्या मोटारींत नवी तार भरली होती. तारेचं दुखणं त्यांना बघताक्षणी कळे.

वीज नेणारी तार आखूडच हवी, असं ती समजावू लागली आणि मध्येच थांबली. तो नियम उघड्या तारेचा. हिच्यात वीज आतून जाते आणि वेष्टणातून परत येते, त्यामुळे लांबीचा त्रास जागीच मिटतो. जराशी लांब ठेवली म्हणून काही बिघडत नव्हतं. तीन महिने ती जुनीच सवय गिरवत बसली होती.

अप्पा खुशीत आले. पोरीच्या एवढ्या डिग्र्या, पण अडलं ते बापापाशीच. त्याच खुशीत त्यांनी नातीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. अपूर्वाला शिकवणीला घालायलाच मायलेकी लातूरला आल्या होत्या. पहाटे साडेचार ते रात्री साडेदहा. शिल्पाच्या बारावीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. फक्त वरचं नाव बदललं होतं. अपूर्वा बोटानं एकेक तास मोजू लागली.

"ह्याच कागदानं तुला इंजिनेर केलं," अप्पा म्हणाले.

शिल्पा फार दमली होती. नाहीतर तीस वर्षं गिळलेलं तोंडातून निघालं नसतं.

"कागदानं न्हाई, अप्पा. भूकंपानं. शिकवण्या बंद पडल्या, महिनाभर आपण अंगणात ताडपत्रीखाली राहिलो. लोकांची घरंच्या घरं गेली होती, आई रडत होती, आणि मी पोटभर झोपत होते. आजही लाज वाटते. पण तेवढीच ढील मिळाली मला. म्हणून तुटले न्हाई."

अप्पांनी तो कागद भिंतीवरून सोडवला. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून नातीच्या हातात दिली.

"काय काटायचं ते तूच काट, बाई. भूकंपाची वाट कशाला बघायची?"