उलटे विसण

वाचक महाशयहो, यूमोरी या उष्ण झऱ्यांच्या डोंगरी गावात घडलेली एक हकिकत अल्पमतीने, परंतु पूर्ण निष्ठेने येथे सादर होत आहे. चित्त स्थिर ठेवून वाचावी, ही नम्र विनंती.

सांज होत आली होती. शिगेनो आपल्या धर्मशाळेच्या दारातील कंदील पुसत होती, तोच धुक्यातून एक गृहस्थ पायवाट चढून वर आला. दारातले म्हातारे कुत्रे परक्याची चाहूल लागताच गाव डोक्यावर घेत असे. आज ते भुंकले नाही. त्याने फक्त मान वर केली आणि पुन्हा पंजांवर ठेवली.

गृहस्थाने एका रात्रीपुरती जागा मागितली. त्याच्या भिवया पांढऱ्या दिसत होत्या. ते दव होते की केस, हे धुक्यात उमगत नव्हते. उंबरठ्यावरची तुळई ठेंगणी आहे. नवख्याचे कपाळ तिच्यावर आपटल्याशिवाय राहत नाही. हा मात्र न पाहता वाकला आणि आत आला.

शिगेनोच्या हातातले फडके गळून पडले.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा कानेसुके झऱ्याची लाकडी पन्हळ दुरुस्त करण्यास वरच्या कड्यावर गेला होता, तो परतला नाही. गावाने तीन दिवस दोर लावून दरी धुंडाळली. गवती टोपी तेवढी हाती लागली. गावाने त्यास मृत मानले. शिगेनोने मानले नाही. रोज सायंकाळी ती त्याच्या नावाने जेवणाचे ताट मांडत आली. अखेर धाकटा दीर हेइझो याने तिचे मन वळविले होते. उद्या सकाळी देवळातले भिक्षू येऊन कानेसुकेला, मृत्यूनंतर माणसाला देतात ते नवे धर्मनाव देणार होते आणि हिवाळा सरताच शिगेनो हेइझोशी विवाह करणार होती.

दुपारीच हेइझो तांदूळ देऊन गेला होता. जाताना दारात घुटमळून म्हणाला होता, "आजच्या दिवस वहिनी म्हणून घेतो. उद्यापासून काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा बाई." त्यावर ती पुष्कळ वर्षांनी मोकळेपणी हसली होती.

आता तिने पाहुण्यापुढे ताट ठेवले. कानेसुकेच्या नावाचे ताट नेहमीप्रमाणे कोनाड्यात मांडलेले होते. पाहुणा आपले ताट सोडून त्याकडेच पाहत राहिला. अन्नास त्याने स्पर्श केला नाही.

"हे कुणाचं?" त्याने विचारले.

"मालकांचं. आज शेवटचं. उद्या त्यांना नाव मिळायचंय."

"देह सापडला होता का, मालकीणबाई?"

"टोपी सापडली."

 पाहुणा खाली मान घालून म्हणाला, "आणि ते आले तर?"

"यायचे असते तर पहिल्याच हिवाळ्यात आले असते, पाहुणे. तेव्हा मी कंदील विझू देत नव्हते." एवढे बोलून ती उठली. "चला, तुमचं अंघोळीचं पाणी काढते."

यूमोरीत झऱ्याचे पाणी कढत येते. आधी ते कढत पाणी हौदात घ्यावे आणि मग गार पाण्याचे विसण घालावे, हा जिवंत माणसाच्या स्नानाचा क्रम. आधी गार आणि वर कढत, असे उलटे विसण केवळ प्रेताच्या अंघोळीला घालतात. शिगेनो सपाटीवरच्या गावातून नवी नवरी होऊन आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्याकडून हा प्रमाद घडला होता. सासूने हौद रिकामा करून अशुभ टळावे म्हणून मीठ शिंपडले होते. कानेसुके मात्र पोट धरधरून हसला होता आणि ओरडला होता, "अगं, अजून मेलो नाही मी." पुढे कितीतरी वर्षे तो तिला याच गोष्टीवरून चिडवीत असे.

आज पाहुणा स्नानगृहाच्या दारात उभा असताना शिगेनोने गार पाण्याची बादली उचलली आणि रिकाम्या हौदात ओतली. मग दुसरी. मग तिसरी. त्यानंतर पन्हळीची खुंटी काढून तिने कढत पाणी सोडले. 

तिने वळून पाहिले. ती त्या एका वाक्याची वाट पाहत होती.

पाहुण्याचे ओठ किंचित हलले. हौदातून वाफ उठू लागली आणि त्यांच्या मध्ये पसरली.  त्याने तिला कमरेत वाकून नमस्कार केला आणि तो पाण्यात उतरला.

स्नानानंतर तो बाहेर आला, तेव्हा झग्याची उजवी बाजू डावीवर आणून त्याने कमरबंद बांधला होता. असे वस्त्र मृतालाच नेसवितात. शिगेनोने डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा ओसरी रिकामी होती.

पहाटे दिवसातली पहिली प्रवासी मोटार गावात येऊन गेली. मागोमाग भिक्षूंना घेऊन हेइझो आला आणि त्याने खालून हाक दिली, "वहिनी, काल कुणी मुक्कामाला उतरलं होतं का? कुत्रं मोटारीच्या रस्त्याकडे तोंड करून बसलंय, हलायला तयार नाही."

"कुणी नाही," शिगेनो वरून म्हणाली.

ती पाहुण्याच्या खोलीत गुडघे टेकून बसली होती. तिने पांघरुणाखाली हात घातला. अंथरूण अजून उबदार होते. ते तसे असणार, हे काल कुत्रे भुंकले नाही तेव्हापासूनच तिला ठाऊक होते. तिने खिडकी सताड उघडली, अंथरूण पुरते निवेपर्यंत ती तेथेच बसून राहिली, आणि मग नाव देण्याच्या विधीसाठी खाली उतरली.

लेखक : कुरामोची तोकुजी, राखणदार, खालचे स्नानगृह, यूमोरी. येथवर वाचलेत, याबद्दल आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे.