एका पोंचोतली दोन अस्वलं

कंट्रोलरवर बियर पडली तेव्हा थेट प्रक्षेपणाला नऊ मिनिटं उरली होती.

"मावशी!" सेनोबिया किंचाळली.

"ओरडतेस काय? कॉम्प्युटरच्या चारी कोपऱ्यांना पाजली, पडद्याला पाजली. मग ह्यांनी काय घोडं मारलंय?" कास्तामावशीनं उरलेला घोट जमिनीवर ओतला, धरणीमाता पाचामामासाठी, आणि वरून मूठभर रंगीत कागद उधळले. बोलिव्हियातल्या उंच डोंगरावरच्या या एल आल्तोत लोक जुनी टॅक्सी घेतली तरी तिला आधी पाजतात. इथं तर भाचरांनी बनवलेला नवाकोरा खेळ जगासमोर जायचा होता.

सेनोबियाचा भाऊ रेम्बेर्तो यानं कंट्रोलर उलटा करून झटकला. फेस निघाला, फेसाबरोबर एक गुलाबी कागद निघाला. त्यानं त्याच्यावर केस वाळवायचं मशीन धरलं. घरात कंट्रोलर दोनच, आणि खेळही दोघांनीच खेळायचा. एकाच पोंचोत, डोक्यातून घालायच्या घोंगडीत, अडकलेली दोन अस्वलं, एक लाल टोपीचं, एक हिरव्या. पाय जुळवून डोंगर ओलांडायचा, नाहीतर दोघंही दरीत. चार वर्षं ही भावंडं या अस्वलांवर जगत होती, म्हणजे खरं तर मावशीच्या शिवणकामावर.

"चालतोय," रेम्बेर्तो म्हणाला. "बहुतेक."

तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी धापा टाकतंय असं ऐकू आलं. उरिओस्ते दारात आला आणि आधी भिंतीला टेकला. हा गडी खालच्या सांता क्रूसचा, सपाटीवरचा.

"तुमच्याकडं हवा काय रेशनवर मिळते?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. उरिओस्ते लोकांचे खेळ कॅमेऱ्यासमोर खेळायचा. सात मिनिटांत त्याला हसू आलं नाही, की सगळ्यांच्या देखत खेळ पुसून टाकायचा. त्यानं पुसलेल्या खेळाकडं मग कुत्रंही बघत नसे. गेल्या महिन्यात कोचाबाम्बाच्या तिघांचा पुसला. ते तिघं आता मोबाइलची कव्हरं विकतात.

"मध्ये बोलायचं नाही," त्यानं फोन स्टँडवर लावत भावंडांना बजावलं. "समजावून सांगितलंत, की तिथंच बंद."

त्यानं कोरडा कंट्रोलर उचलला. रेम्बेर्तोनं झटकन ओल्यावर हात टाकला.

"तू नको, राजा. तुला सगळं पाठ असणार. मावशी, या, बसा."

"मला शिवणयंत्र येतं," मावशी म्हणाली.

"त्याला पाय लागतात, याला अंगठे. बसा हो."

मावशीनं टोपी सारखी केली आणि बसली. सेनोबियानं भावाचा दंड धरला. पडद्याच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता, एक्केचाळीस हजार. उरिओस्तेनं सात मिनिटांचा गजर लावला.

मावशीचं लाल टोपीचं अस्वल उभं राहिलं, डावीकडं झुकलं आणि चालायला लागलं. मावशीनं अजून बोटसुद्धा हलवलं नव्हतं. पोंचो ताणला गेला आणि दोघंही दरीत. पडताना पोंचो फुग्यासारखा फुगायचा. त्या एका विनोदावर सेनोबियानं आठ महिने घालवले होते. उरिओस्ते हसला नाही.

पुन्हा. डावीकडं. दरी.

"मावशी, उजवीकडं!" उरिओस्ते ओरडला.

"अरे, उजवीकडंच दाबतेय! हाच ऐकत नाही."

दोन मिनिटं झाली. तीन. उरिओस्ते आपल्या हिरव्या अस्वलाला जीव खाऊन उजवीकडं ओढत होता, आणि जितकं ओढावं तितकं दुसरं अडून डावीकडं जात होतं. आकडा तेहतीस हजारांवर आला. रेम्बेर्तोनं तोंड उघडलं. सेनोबियानं त्याच्या पायावर पाय दिला. बियरनं कंट्रोलर बिघडलाय म्हणायचीही सोय नव्हती. पाचवं मिनिट लागलं तेव्हा तिनं मनातल्या मनात मोबाइलच्या कव्हरांचे रंग निवडायला घेतले.

मावशी मात्र पडद्याच्या अगदी जवळ सरकली. अस्वलाच्या चालीकडं टक लावून बघत राहिली.

"ह्याला चढलीय," ती म्हणाली.

रेम्बेर्तोनं डोळे मिटले.

"तू ओढू नकोस रे त्याला," मावशीनं उरिओस्तेला कोपरानं ढोसलं. "प्यायलेल्याला ओढलं की तो बसकण मारतो. तो झुकेल तिकडं तूही जा. हां. आता भिंत आली ना? आपटू दे. आपटला की स्वतःच वळतो. वळला की मागनं हळूच ढकल. शाबास! शिव्या देऊ नकोस, त्यानं तो जास्त चेकाळतो."

अस्वलं डावीकडं गेली, खडकावर आपटली, गोल फिरली आणि वेडीवाकडी झुलत दोरीच्या पुलावर चढली. मधोमध लाल टोपीचं पुन्हा झुकलं. उरिओस्ते त्याच्याबरोबर झुकला, खुर्चीसकट. पूल पार झाला.

तेव्हा तो हसला. आधी नाकातून, मग इतका की धाप कमी व्हावी म्हणून दिलेला कोका चहाचा कप आडवा झाला. गजर वाजला, त्यानं न बघता तो बंद केला आणि दुसरा डोंगर चढायला घेतला. तिसरा. आकडा नव्वद हजारांवर गेला.

"मंडळी, हा घ्या, आजच घ्या!" तो डोळे पुसत कॅमेऱ्याला म्हणाला आणि मागं वळला. "झिंगलेली चाल पुष्कळांनी केलीय, पण ही खरी आहे. कुणाचं डोकं हे?"

सेनोबियानं रेम्बेर्तोकडं बघितलं. रेम्बेर्तोनं जमिनीकडं. मग दोघांचीही बोटं मावशीकडं गेली.

मावशीनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"चोवीस वर्षं, दर शनिवारी, आमच्या ह्यांना असंच बाजारापासून घरापर्यंत," ती म्हणाली. "ह्याला खेळ म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नाही."

उरिओस्तेचं हसू मावळलं. नव्वद हजार लोक बघत होते. लाल टोपीचं अस्वल पुन्हा डावीकडं झुकलं. त्यानं गुपचूप आपलंही डावीकडं नेलं.